येलदरीचा तिसरा दरवाजा

त्या गेमचं खरं नाव आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं. फ्लॉपीवरचं लेबल कधीच निघून गेलं होतं आणि सुरुवातीला पडद्यावर यायची ती इंग्रजी पाटी अर्धी कापलेली दिसायची. गुलाबी नदीतून एक होडी वर वर जाते, वाटेत तीन दरवाजे लागतात, ते उघडतात आणि मिटतात, मिटायच्या आत होडी पलीकडं न्यायची. एवढाच तो खेळ. परभणीतल्या आमच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये जिंतूरची एक मुलगी यायची. तिनं तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा म्हणाली, "ही तर आमची येलदरी." तिथल्या धरणाचे दरवाजे तिनं लहानपणापासून पाहिलेले. तेव्हापासून सगळे त्याला येलदरीच म्हणायला लागले. जुन्या मॉनिटरवर चारच रंग यायचे आणि त्यांतला आकाशी रंग काठाला वापरून झाला होता. नदी गुलाबी का, याचं एवढंच कारण मला सुचतं. कदाचित दुसरं काही असेल.

एका खेळाबद्दल इतकं लिहावं का, असं मला बरेच दिवस वाटत होतं. पण मी पुढं काय शिकायचं हे ज्या दिवशी ठरलं, त्या दिवसाच्या मधोमध हा खेळ आहे. तो वगळून मला ते सांगता येत नाही.

मी तेव्हा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होतो. घर पेडगावला, शेती विहिरीखालचा तुकडा सोडला तर कोरडवाहू, आणि घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. परभणीत खोली करून राहायचो. कॉलेज संपल्यावर औरंगाबादला जाऊन वर्षभराचा कॉम्प्युटरचा डिप्लोमा करावा, असं माझ्या मनात होतं. वडिलांच्या, म्हणजे दादांच्या मनात बी.एड. होतं. दादांनी मला कधी मारलं नाही की रागावून बोलले नाहीत. ते फक्त प्रश्न विचारत.

"ते यंत्र म्हणे एकटंच समदं करतंय," ते एकदा बैलांना पाणी दाखवून आल्यावर म्हणाले. "हिशेब करतंय, लिहितंय, आन् चुकत बी न्हाई. तूच सांगितलास."

"हो दादा."

"मंग त्याला माणूस कशाला लागंल? तुला तिथं कोण ठेवील?"

यंत्र चुकत नाही हे आम्हाला क्लासच्या पहिल्याच दिवशी सांगितलं होतं आणि मी ते घरी अभिमानानं सांगितलं होतं. आता तेच माझ्यावर उलटलं होतं. गावातल्या सोसायटीच्या सेक्रेटरीनंही दादांना सांगितलं होतं की बँकांत कॉम्प्युटर आले की कारकून कमी होणार आहेत.

"शाळेला माणूस लागतोच," दादा म्हणाले. "शाळा काय यंत्रावर चालती का?"

याच सुमारास आमच्या क्लासच्या सरांनी ठरवलं की वैशाखात पोखर्णीच्या नरसिंहाच्या जत्रेत एक मशीन न्यायचं आणि लोकांना येलदरी खेळायला द्यायची. दहावी-बारावीचे निकाल लागायच्या आत खेड्यापाड्यातल्या लोकांनी कॉम्प्युटर डोळ्यांनी पाहावा, म्हणजे जूनमध्ये मुलं येतील, असा त्यांचा विचार. मी हे घरी सांगितलं तेव्हा दादा म्हणाले, "जत्रंला मी येणारच हाय. तिथं बघतो तुझं यंत्र. बघून सांगतो औरंगाबादचं."

त्यांनी "बघून सांगतो" म्हटलं म्हणजे खरोखरच बघून सांगणार. त्यामुळं पोखर्णीला ते मशीन नीट चालणं हे सरांच्या जूनपेक्षा मला जास्त गरजेचं झालं.

अडचण अशी होती की न्यायला मशीनच नव्हतं. क्लासचं पहिलं मशीन, ज्यावर आम्ही सगळे येलदरी शिकलो, ते हिवाळ्यात व्होल्टेज वाढून जळालं. त्याचा मदरबोर्ड गेला. डबा, की-बोर्ड, मॉनिटर आणि मेमरीच्या चिप्स तेवढ्या राहिल्या. नंतर आणलेलं नवं मशीन फार वेगवान होतं. त्याच्यावर येलदरी लावली की दरवाजे पूर्वीच्याच चालीनं उघडमीट करायचे, पण होडी बोट लावताच काठावर जाऊन आपटायची. मशीनच्या तोंडावर वेग कमी करायचं बटण होतं, तेही दाबून पाहिलं. फरक पडला, पण पुरेसा नाही.

"तुमी ह्याला काय केलंत?" जिंतूरच्या त्या मुलीनं विचारलं. "ही होडी पळायलीय की उडायलीय?"

सरांनी कारण सांगितलं. गेम लिहिणाऱ्यानं दरवाजे मशीनमधल्या घड्याळावर बांधले होते आणि होडी मात्र मशीनच्या ताकदीवर सोडली होती. घड्याळ सगळ्या मशीनमध्ये सारखं, ताकद वेगवेगळी. म्हणून खेळ खेळण्यासारखा राहायचा तर मशीन एका विशिष्ट वेगाचंच हवं, म्हणजे जुनं हवं. फार जुनंही नको, कारण मग होडी तिसऱ्या दरवाजापर्यंत पोहोचायच्या आत तो मिटतो.

सर पूर्वी हैदराबादला नोकरीला होते. तिथल्या जुन्या सामानाच्या बाजारातून ते दोन मदरबोर्ड पंच्यात गुंडाळून रेल्वेनं घेऊन आले. दोन्ही जळालेल्या मशीनच्याच पिढीचे. त्यांनी ते टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. सर विद्यार्थ्यांना गावाच्या नावानं हाक मारत, तसं मला म्हणाले, "ए पेडगाव, सांग यातला कोणता?"

पहिल्या बोर्डवर लहान लहान काळ्या चिप्स इतक्या दाटीनं बसवल्या होत्या की हिरवा भाग दिसतच नव्हता. दुसरा मोकळा होता. त्याच्यावर पाच मोठ्या चौकोनी चिप्स होत्या आणि बाकी जागा रिकामी. पाहिल्यावर पहिलाच जास्त भरीव वाटायचा. बाजारात कोणी विचारलं असतं तर मी तोच उचलला असता.

"हे पाच आहेत ना, याला चिपसेट म्हणायचं," सर म्हणाले. "त्या बोर्डवरची शंभर चिल्लर कामं इथं या पाच जणांनी वाटून घेतलीत. आपल्या मोंढ्यातला अडत्या असतो तसं समज. प्रोसेसरला मेमरीतून काही पाहिजे असलं तर ते थेट मिळत नाही, याच्या हातून जातं. माल किती दमानं द्यायचा ते हा ठरवतो."

"आणि याला आपण सांगू शकतो? दमानं दे, घाईनं दे?"

"याला सांगता येतं. त्याला नाही."

दाटीच्या बोर्डवर फक्त एक जम्पर होता, पिन इकडून तिकडं केली की दोनच वेग: एक होडीला फार जास्त, दुसरा फार कमी. मोकळ्या बोर्डवरही दोनच मूळ वेग होते, पण सुरू करताना एक कळ दाबली की निळा पडदा यायचा आणि त्यात चिपसेटच्या चाली बदलता यायच्या. मला मनातून तोच हवा होता, पण सरांसमोर पटकन बोलायची मला सवय नव्हती. मी म्हणालो, "मला वाटतं... म्हणजे बहुतेक... हा."

"बहुतेक काढून टाक," सर म्हणाले आणि स्क्रू-ड्रायव्हर माझ्या हातात दिला.

मेमरी जळालेल्या मशीनचीच वापरायची होती. एकेक चिप हलक्या हातानं उपटायची, वाकलेले पाय सरळ करायचे आणि नव्या जागी बसवायची. मशीन सुरू झालं तेव्हा मला आनंद झाला, पण लगेच येलदरी लावून पाहिली तर कमी वेगावर होडी आजारी माणसासारखी चालत होती. जास्त वेगावर ती पुन्हा काठावर आपटत होती.

त्या निळ्या पडद्यावर एक ओळ होती 'वेट स्टेट' नावाची. प्रोसेसरनं मेमरीकडं काही मागितलं की मेमरीला द्यायला थोडा वेळ लागतो, तेवढा वेळ प्रोसेसरनं थांबायचं. किती ठोके थांबायचं ते तिथं लिहायचं. एक लिहिलं तर एक ठोका थांबतो. शून्य लिहिलं तर थांबतच नाही, मेमरीनं तोवर दिलंच पाहिजे. आणखी एक ओळ होती ती पडद्याकडं जाणाऱ्या वाटेची. त्या वाटेवरची चालही कमी-जास्त करता यायची. सरांचा नियम असा की एका वेळी एकच ओळ बदलायची. हे मला आपोआप पटलं, कारण रसायनशास्त्राच्या प्रॅक्टिकलला आम्ही ब्युरेटमधून असंच थेंब थेंब सोडायचो. चुकीचं काही लिहिलं गेलं तर मशीन उठतच नसे. मग बोर्डवरचा सेल काढून ठेवायचा, मशीन सगळं विसरेपर्यंत वाट पाहायची आणि पहिल्यापासून सगळं भरायचं.

हे काम आम्ही सकाळच्या पहिल्या बॅचला करत असू. यामागं कारण होतं. उन्हाळ्यात परभणीत दुपार झाली की घरोघरचे कूलर चालू होतात आणि व्होल्टेज इतकं पडतं की स्टॅबिलायझर नुसता टकटक करत राहतो. दिवस उगवायच्या वेळी मात्र वीज चांगली असते. क्लासमधलं नाजूक काम सगळं त्याच वेळी व्हायचं. ज्या दिवशी नामांतराच्या प्रश्नावरून कुठं बंद असायचा त्या दिवशी बाकीच्या बॅचेस रिकाम्या जायच्या आणि आम्हाला थोडा जास्त वेळ मिळायचा. आमच्या पदव्यांवर विद्यापीठाचं कोणतं नाव छापून येणार यावर कॉलेजात रोज वाद होत. सर म्हणायचे, "नाव काय यायचं ते येईल. तुम्ही आधी पदवी आणा."

वेग बरोबर जमला की नाही हे ठरवायला जुनं मशीन उरलं नव्हतं. ते काम जिंतूरच्या मुलीनं केलं. ती सकाळच्याच बॅचला टायपिंग शिकायला यायची आणि येलदरीत तिच्याइतकं पुढं कोणी गेलेलं नव्हतं. ती टेबलावर नखानं ठोके द्यायची. पहिला दरवाजा उघडल्यापासून होडी तिसऱ्यात शिरेपर्यंतची ती चाल तिच्या बोटांत बसलेली होती. मी एक ओळ बदलायचो, मशीन पुन्हा सुरू करायचो, ती खेळायची आणि सांगायची.

"जड चालायलीय."

मी बदलायचो.

"आता बरी. पण दरवाजा माझ्या तोंडावर मिटायलाय."

शेवटी कमी वेग, वेट स्टेट शून्य, असं ठेवलं तेव्हा तिनं खेळायला सुरुवात केली आणि नखाचे ठोके थांबवले. होडी तिसऱ्या दरवाजातून सरळ निघून गेली.

"हीच," ती म्हणाली. "हीच आपली येलदरी."

सरांनी नारळ फोडायचाच काय तो बाकी ठेवला. पुढचे काही दिवस आम्ही त्या मशीनला रोज सकाळी चालवून पाहिलं. एकदाही अडलं नाही. मी दादांना निरोप पाठवला की जत्रेत सकाळीच या.

मॉनिटर गोधडीत गुंडाळून आम्ही टेम्पोनं पोखर्णीला गेलो. रसवंतीच्या शेजारी चार पत्रे उभे करून सरांनी स्टॉल केला होता, वर एक पत्रा. वीज मंडपवाल्याच्या जनरेटरची. त्याच जनरेटरवर देवळाचा लाऊडस्पीकर चालत होता. सकाळी गर्दी चांगली झाली. लोक देवाचं दर्शन घेऊन आमच्याकडं येत आणि वाकून पडद्याकडं बघत.

"हे पाणी गुलाबी कशानं झालं?" एका म्हाताऱ्यानं विचारलं.

"आबा, ते तसंच आहे."

"तसंच कसं? वरच्या अंगाला कुणीतरी गुलाल धुतलाय." सगळे हसले. "येलदरी म्हणतेत आन् पाणी लग्नाचं दावतेत."

पोरांची रांग लागली. कोणाची होडी पहिल्याच दरवाजाला फुटायची, कोणाची दुसऱ्याला. सर माइकवरून सांगत होते की कॉम्प्युटर कधीच चुकत नाही. मी रस्त्याकडं बघत होतो. दादा आले नव्हते. पेडगावहून परभणीपर्यंत येणं सोपं, पण पुढच्या गाडीला जत्रेमुळं जागा मिळत नसेल, असं मी स्वतःला सांगत होतो.

दादा आले तेव्हा ऊन माथ्यावर होतं. डोक्यावरचा पटका सोडून त्यांनी तोंड पुसलं, मला नुसती मान हलवून ओळख दिली आणि स्टॉलच्या कडेला पत्र्याच्या सावलीत उकिडवे बसले. मी मुद्दाम रांगेतल्या एका हुशार पोराला पुढं घेतलं. त्याची होडी दुसरा दरवाजा ओलांडून गेली आणि तिथंच थांबली. दरवाजेही थांबले. पडद्यावर वर एक इंग्रजी ओळ आली: मेमरीत चूक आहे, काम थांबवलं आहे.

"काय झालं?" पोरानं विचारलं.

"हँग झालं," मी म्हणालो आणि बटण बंद करून पुन्हा चालू केलं.

थोडा वेळ चाललं. पुन्हा थांबलं. पुढच्या वेळी त्याहून लवकर. रांगेतली पोरं आरडायला लागली. मी दादांकडं बघायचं टाळलं, पण ते बघत आहेत हे मला कळत होतं.

सरांनी जनरेटरवाल्याला बोलावलं. "तुमची वीज सारखी नाही. बघा, मशीन बंद पडतंय."

जनरेटरवाला कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "साहेब, सकाळधरनं देवाचा भोंगा माझ्याच विजेवर चालायलाय. त्यानं एकदा तरी श्वास घेतलाय का? तुमचंच नाजूक दिसतंय."

"मशीनमध्ये काही दोष नाही."

"दोष न्हाई तर ऊन लागलं असंल. उग्र देवाच्या दारात आणलंत. ताक पाजा त्याला."

लोक हसले. सरांचा चेहरा उतरला. मग त्यांना एकदम सुचलं की बर्फाची लादी आणून पंख्यासमोर ठेवली तर आत गार हवा जाईल, आणि ते रसवंतीच्या पलीकडं बर्फ बघायला निघून गेले. जाताना मला म्हणाले, "पेडगाव, तोवर लोकांना धरून ठेव."

जनरेटरवाला चेष्टेनं बोलला होता, पण मला ते ऊन लागण्याचं सोडवेना. मी मशीनचं झाकण काढलं. मेमरीच्या एका चिपवर बोट ठेवलं आणि लगेच काढून घेतलं. पत्र्याखाली आतली हवा भाजत होती. मग मला एक साधी गोष्ट लक्षात आली. हे मशीन आम्ही दिवस उगवतानाच चालवलं होतं. चांगल्या विजेच्या नादात रोज पहाटेच बसलो होतो आणि दुपारी ते कधी लावूनच पाहिलं नव्हतं. चिपसेटला आम्ही सांगितलं होतं की मेमरीसाठी थांबू नकोस. सकाळच्या गारव्यात त्या जुन्या चिप्सना ते कसंबसं जमत होतं. आता त्या तापल्या होत्या, वेळेवर देऊ शकत नव्हत्या, आणि चिपसेट थांबत नव्हता.

माझी खात्री नव्हती. पण सर तिथं नव्हते, त्यामुळं कोणाला विचारायचाही प्रश्न नव्हता. मी मशीन पुन्हा सुरू केलं, कळ दाबली आणि निळा पडदा आणला.

"हा कोणता खेळ?" रांगेतून कोणीतरी विचारलं.

"ह्यो त्याचा खेळ हाय," दुसरा म्हणाला. "आपल्याला न्हाई देणार."

मी वेट स्टेट शून्याचा एक केला. मशीन सुरू झालं, येलदरी लागली आणि थांबेना. मात्र होडी हळू चालत होती. पोरांमागून पोरं बसली, एकाचीही तिसऱ्या दरवाजातून गेली नाही. सगळ्यांच्या नाकावर तो मिटत होता.

जिंतूरची मुलगी त्याच वेळी आईबरोबर दर्शन करून आली. हातात नारळ आणि प्रसादाची पुडी होती. तिनं लांबूनच पाहिलं.

"हे काय? जड झाली की ती."

"उन्हानं हँग होत होतं. म्हणून थांबा टाकलाय."

"मग खेळून उपयोग काय? दरवाजा गाठतच न्हाई. लोक म्हणतील जिंकायलाच येत न्हाई."

"आई थांबतील का थोडा वेळ?"

आईंनी आधी तिच्याकडं आणि मग माझ्याकडं बघितलं आणि त्या रसवंतीच्या बाकावर जाऊन बसल्या. मी पुन्हा निळा पडदा आणला. मेमरीला मी घाई करू शकत नव्हतो. पण दुसरी ओळ होती, पडद्याकडं जाणाऱ्या वाटेची. होडी हलते म्हणजे दर वेळी ती पुसून पुन्हा काढावी लागते, आणि ते सगळं त्या वाटेनं जातं. ती वाट जरा घाईची केली तर मेमरीपाशी गेलेला वेळ थोडा तिकडं भरून निघेल. निघेल की नाही हे मला ठाऊक नव्हतं. पडद्याचं कार्ड ती घाई सोसेल की नाही हेही ठाऊक नव्हतं. मी ती एक पायरी वाढवली.

ती उभ्यानंच खेळली. डाव्या हातात नारळ, उजव्या हातानं कळा. नारळावर अंगठ्याचा ठोका देत होती. पहिला दरवाजा, दुसरा. तिसऱ्याला होडी शिरली तेव्हा तो जवळजवळ मिटला होता.

"घासून गेली," ती म्हणाली.

"बरोबर आहे का?"

"बरोबर न्हाई. पण जाती." मग पोरांकडं वळून म्हणाली, "जाती रे. हात चालवा."

ती आईबरोबर निघून गेली. पोरं बसली. बराच वेळ कोणाला जमलं नाही. मग एका लुकड्या पोराची होडी घासून गेली आणि सगळ्या स्टॉलनं आरडाओरडा केला. त्यानंतर मशीन संध्याकाळपर्यंत एकदाही थांबलं नाही. सर बर्फाची लादी गोणपाटात गुंडाळून धापा टाकत आले तेव्हा पाणी त्यांच्या कोपरांवरून गळत होतं. मशीन चालू बघून ते लादी हातात घेऊन तसेच उभे राहिले. शेवटी ती रसवंतीवाल्याला दिली आणि आम्हा सगळ्यांना त्या दुपारी गार रस मिळाला.

दादा अजून तिथंच बसले होते. गर्दी कमी झाली तशी मी रसाचे दोन ग्लास घेऊन त्यांच्याजवळ गेलो. माझ्या हिशेबानं सगळं संपलं होतं. त्यांनी बघायला यावं आणि नेमकं त्यांच्यासमोरच मशीन पुन्हा पुन्हा मान टाकून पडावं. त्यांनी ग्लास घेतला, अर्धा प्यायले.

"लय डाव बंद पडलं," ते म्हणाले.

"हो दादा. उन्हामुळं—"

"तू तर म्हणलास हे चुकत न्हाई."

"तसं सांगितलं होतं आम्हाला."

"आन् चालू कोण केलं?"

"मीच."

"तुझे सर?"

"सर बर्फ आणायला गेले होते."

ते रस पीत राहिले. मीही त्यांच्याजवळ उकिडवा बसलो. समोर जनरेटरवाला इंजनात पाणी ओतत होता.

"मला वाटलं व्हतं," दादा म्हणाले, "हे एकदा लावलं की आपलं आपण चालतंय. तशा यंत्रापाशी माणूस काय करणार? नुसतं बसून ऱ्हाणार. कवातरी म्हणतील, ऊठ." त्यांनी जनरेटरकडं हनुवटी केली. "हे तर त्याच्यावानीच हाय. बंद पडतंय, माणूस उघडतंय, बघतंय, चालू करतंय. आपल्या विहिरीवरच्या इंजनाला मेस्त्री किती डाव येतो? त्याच्या घरी चूल पेटती ती काय आपलं इंजन नीट चालतंय म्हणून पेटती का?"

ते पुढं म्हणाले, "पूस औरंगाबादला. कधी यायचं म्हणतेत ते पूस."

मला वाटलं, आता त्यांना खरं सांगावं. ते मशीन आपोआप बंद पडत नव्हतं, आम्ही त्याला चुकीचं सांगितलं होतं म्हणून पडत होतं. आणि आता मी ते असं लावलं आहे की उन्हातही पडणार नाही. ही गोष्ट मला त्यांना नीट समजावून सांगायची होती, कारण त्यांनी ज्या कारणानं हो म्हटलं ते कारण मी दुपारीच दुरुस्त करून टाकलं होतं. मी तोंड उघडलं. पण तेवढ्यात त्यांनीच विचारलं.

"आता बंद पडायलंय का ते?"

"नाही. आता नीट केलंय."

"अजिबात न्हाई?"

"नाही दादा."

ते मशीनकडं बघायला लागले. होडी दुसऱ्या दरवाजाजवळ होती. त्यांच्या कपाळावर आठी आली, बी-बियाणं बरं दिसलं तरी हातावर घेऊन बघताना यायची तशी. रिकामा ग्लास त्यांनी जमिनीवर ठेवला.

"औरंगाबादेत अशी बंद पडणारी असतील ना पर?"

"बक्कळ असतील," मी म्हणालो. इतक्या खात्रीनं मी त्या वर्षात दुसरं काही बोललो असेन असं मला वाटत नाही.

दादांनी मान हलवली, पटका डोक्याला गुंडाळला आणि गर्दीत शिरायच्या आधी थांबून म्हणाले, "मंग ठीक हाय."